बंद करा, दहा मोजा, चालू करा

...आणि वर साहेब मलाच विचारतात, "मग काटा तुमच्या टेबलावर कसा बरोबर चालतो हो?" अहो, चालतोच! तीनशे वेळा बंद-चालू केला, तीनशे वेळा चालला, आता काय चिपच्या पाया पडू? तुम्हाला सांगतो, तान्ह्या बाळांचा वजनकाटा बनवतो आम्ही, आत एक एवढीशी चिप, भार पडला की त्याचा आकडा करून द्यायचा, बास, एवढंच तिचं काम... आणि एक दिवस दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन, "काका, आज सगळी बाळं तीन किलो दोनशे चाळीसच भरतायत!" म्हटलं घाबरू नका, बंद करा, दहा मोजा, चालू करा.

आणि ते दहा मोजायचे कसे, तर फोनवर, मोठ्यानं! "एक... दोन... अहो ताई, बाळाला धरा नीट... तीन..." इकडून मीही मोजायचो. का? आता काय सांगू! दहाला काटा सुरू, सिस्टर खूश, मी खूश. मग दिवसाआड फोन यायला लागला. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी रविवारी "बाबा, जेवलात? बरं, ठेवते"... दहा आकडे होईपर्यंत माझ्याशी बोलणारं दुसरं होतं कोण?

साहेब म्हणाले, "स्टिकर लावून टाका काट्यावर. बंद करा, दहा मोजा, चालू करा." आणि लाज वाटते सांगायला, पण मलाही ते पटलं!

मग एका दुपारी सिस्टरचा आवाज पार पडलेला. "काका, एका बाळाचं वजन घटत होतं हो... काटा आधीच्याच बाळाचा आकडा दाखवत बसला आणि मी आईला सांगितलं, छान चाललंय..." बाळ सावरेल म्हणाली, पण या वेळी मोजा नाही म्हटलं, म्हटलं काटा आजच पाठवून द्या.

काटा टेबलावर घेतला. का अडतोस बाबा? सिस्टरला खोदून विचारलं, तर दवाखान्यात वीज जायची आणि लगेच यायची. आत थोडी वीज शिल्लक, चिप धड झोपलेली नाही, धड जागी नाही, जुनाच आकडा बरळतेय! आणि माझ्या टेबलावर? मी बटण बंद करायचो आणि चहा ठेवायला जायचो! घाई कसली? वाट कोण बघतंय? तीनशे वेळा बंद, तीनशे वेळा चहा, तोवर चिप गाढ झोपून ताजीतवानी! त्या दिवशी पहिल्यांदा खटखट बंद-चालू केला... तिसऱ्याच खेपेला आकडा गोठला. चूक माझ्या चहाची!

मग एक वायर टाकली. सगळा काटा चालवणारी आत दुसरी मोठी चिप असते, तिनं या छोटीचा रिसेटचा पाय दाबून धरायचा, म्हणजे तिला पुरतं झोपवूनच ठेवायचं, वीज नीट स्थिरावली की मगच सोडायचा. दर वेळी, न चुकता. खटखट हजार वेळा केलं, उभ्या उभ्या, चहा न घेता. एकदाही अडला नाही.

आठवड्यानं मीच फोन केला. "सिस्टर, काटा?"

"एकदम झकास! ते बाळ तीन सातशे भरलं काका!" डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

"मोजावं... नाही ना लागत आता?"

"छे हो! ठेवू? रांग आहे."

झालं! दोन महिने झाले त्याला. बाळ गुटगुटीत, काटा ठणठणीत, साहेबांनी स्टिकरं फेकून दिली... आणि मी आपला संध्याकाळी फोन हातात घेतो, बंद करतो, दहा मोजतो, चालू करतो.

नाही हो, बिघडलेला नाही. चांगला चालतोय फोन.