दोघांच्या मधलं कोण

...आणि वर म्हणतात, फोकस कॅमेराच करतो, तुम्ही फक्त बटण दाबा! अहो, तुम्हाला सांगतो, हेच ऐकून आमच्या यादवने घेतला ना तो कॅमेरा, ब्याण्णव साली. आठवडाभर अंबडला कंपनीत, सुट्टीला लग्नाचे फोटो. पंधरा वर्षं हाताने लेन्स फिरवलेला माणूस. तो हे नवं यंत्र गळ्यात अडकवून गेला कळवणला, तृप्ती आणि दत्तूच्या लग्नात.

भर दुपारचे बारा. नवरा-नवरी स्टेजवर उभी. यादवने बटण अर्धं दाबलं, तर लेन्स घर्र करून पुढे, घर्र करून मागे... काही ठरेचना. मग एकदम टुक् वाजलं. म्हणजे सापडलं. पण काय सापडलं? यादवने मान वर करून पाहिलं, तर दोघांच्या मधून दिसत होता नुसता मांडवाचा खांब. जाऊ दे, फोकस कॅमेराच करतो. स्टेजवर टुक्, दारात टुक्, जीपपाशी टुक्.

रोल धुऊन आला. बारा फोटोंत नवरा-नवरी धुरकट, वाफेत उभी असल्यासारखी. आणि दोघांच्या मध्ये, जरा मागे, एक मुलगी. हिरवी साडी, खांद्यावरची पिनसुद्धा दिसावी इतकी स्वच्छ. स्टेजवर तीच, दारात तीच, जीपमागेही तीच.

लॅबवाला म्हणाला, "मधल्या चौकोनात जे येतं, त्यावर जुळतो हा. दोघं लांब उभे राहिले की मधून मागचं पकडतो."

"पण मागे कोणी नव्हतं."

"तुम्हाला नसेल दिसलं. फोकस कॅमेराच करतो ना?"

शेवटी शिव्या खायच्या तयारीने यादव कळवणला गेला. तृप्ती माहेरी आलेली. तिच्या आईने, ठमाबाईने, फोटो उन्हात धरला, मग पदराने पुसून डोळ्यांजवळ नेला. यादव आपला सांगतोय, "मावशी, माझी चूक नाही, फोकस कॅमेराच..."

"आमची गोजरा हाय ही," ठमाबाई म्हणाली. "तृप्तीची थोरली बहीण. जाऊन सहा वर्सं झाली. घरात एकबी फोटो नव्हता तिचा, भाऊ. तोंड इसरत चालले व्हते मी तिचं."

तृप्ती हळूच म्हणाली, "आमचे ऱ्हाऊ द्या. हिचा तेवढा मोठा करून द्या."

दिला त्याने, फ्रेम करून. कॅमेरा विकायला काढला, पण हे ऐकल्यावर घेणार कोण? वापरतोय अजून. फक्त जोडपं समोर आलं की याचं सुरू होतं, "जवळ या. अजून जवळ. मध्ये कोणाला जागा ठेवू नका."

नवरी लाजते, वऱ्हाड हसतं, फोटोग्राफर लय रंगेल दिसतो म्हणतं. म्हणू दे. यादव तरी काय सांगणार त्यांना?