किल्ली वरच्या गाडीत

मॅडिसन नदीच्या काठच्या उतारावर होड्या पाण्याबाहेर काढायची रांग लागली होती. व्हर्ना आपल्या होडीला टेकून उभी होती. तिच्या पुढे एक तरुण खिसे चाचपत, छातीपर्यंत भिजलेल्या एका म्हाताऱ्याला गाठून बोलत होता.

"काका, इथे आणून ठेवलेल्या गाडीची किल्ली मी वरच्या गाडीतच विसरलो, होडी पाण्यात सोडली तिथे. वीस मैल आहे. सोडाल का मला?"

"बघू. मासे मिळाले?"

"कुठले! सकाळीच एका लाल टोपीवाल्या खडूस म्हाताऱ्याने दिवस नासवला. पाण्यात उभा राहून माझ्यावर खेकसला."

"उगाचच?"

"मी नुसती त्याच्या पुढून होडी नेली हो."

"मागून जागा नव्हती?"

"होती की. पण मासे पुढे होते."

"म्हणजे तो गळ टाकत होता, तिथेच."

"हो. म्हणे अर्ध्या तासापासून."

"पाऊण तास. मासा माझ्या गळाला लावलेल्या पिसांच्या माशीवर तोंड उघडतच होता."

"काका... सकाळी ती लाल टोपी..."

"वाळत घातलीय."

"मी चालतच जातो."

"बस गाडीत. सकाळी तू भुर्रकन निघून गेलास, माझं निम्मं बोलायचं राहिलंय."