बहात्तरचा आकडा

हिंगणघाटच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागाबाहेर, मायलेकी माझ्याच बाकावर बसल्या होत्या. लेक नुकतीच धावत आली होती. मी भिंतीकडे पाहत होते. कान मात्र त्यांच्याकडेच लागले होते.

"दहा मिनिटं झाली लाईट जाऊन. पंख्याखाली जागा धरली, त काय फायदा?"

"आई, बाबांजवळचं नाडी दाखवणारं मशीन?"

"बॅटरीवर हाये. तू काऊन घाबरून राह्यली, सुरभी?"

"त्यातला प्रोग्राम मी लिहिलाय."

"मंग चांगलंच हाये की."

"आत चार प्रोसेसर आहेत, प्रत्येकाचं काम बघणारा एकेक थ्रेड, म्हणजे सतत चालणारा छोटा प्रोग्राम. लाईट गेली की बॅटरी वाचवायला दोन प्रोसेसर बंद करतात. आधी त्यांच्या थ्रेडला थांब म्हणायचं, तो थांबला का पाहायचं, मगच बंद."

"मंग?"

"मी थांब म्हटलं. थांबला का, ते पाहिलंच नाही. आज सकाळी लक्षात आलं."

"त्यानं काय होते?"

"बहुतेकदा काहीच नाही. एखाद्या वेळी मशीन अडकतं, जुनाच आकडा दाखवत राहतं."

"उगा भेव नको घालू मले. लाईट गेल्यावर दोनदा काचेतून पाहून आली मी. नाडी बहात्तर."

"दोन्ही वेळा?"

"हो. थांब, काचेतून पाहू दे. आताबी बहात्तरच दिसून राह्यली..."

"आई."

"ओ सिस्टर! तो आकडा नका पाहू! हात लावून पाहा, आमचे हे जिवंत हायेत का!"