श्वासाचा जोर मोजणाऱ्या विमलाताई

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष डॉक्टर संघमित्राताई, व्यासपीठावरचे डॉक्टर हर्षद, जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती आपल्या रुग्णालयाची फिजिओथेरपिस्ट, आपली विमलाताई, आणि विक्रोळी-घाटकोपरहून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो!

मी जयवंत. कारखान्याच्या गेटवर आयुष्यभर भाषणं ठोकली. माझ्या हाती माइक दिला की तो लवकर परत मिळत नाही, हे आयोजकांना जरा उशिरा कळलं.

श्वास चालू आहे म्हणजे माणूस ठीक, असं आपण धरून चालतो. पण छातीचे स्नायू किती जोराने हवा आत ओढतात, हे कुणी विचारतं का? विमलाताई विचारायची. खाडीकडच्या खिडक्यांचा तो जुना वॉर्ड आता पाडला. तिथे नाकाला चिमटा, तोंडात नळी, हातात ओढीचा जोर आकड्यात दाखवणारं छोटं यंत्र, आणि वॉर्डभर घुमणारा तिचा आवाज, "ओढा! अजून! सोडू नका!" आमच्या घोषणा फिक्या पडाव्यात! नवे रुग्ण दचकायचे, जुने हसायचे.

माझा कारखान्यातला सोबती दत्ताराम, कुडाळकडचा. पायांतून वर चढत जाणाऱ्या लुळेपणाने तिथे आला. बोलणं शाबूत, टवाळी त्याहून शाबूत. त्याने नळीतून श्वास ओढला आणि आकडा फारच खाली आला.

मी म्हणालो, "डॉक्टर, तो जपून ओढतोय. परक्याची वस्तू हाताळताना आमची माणसं अशीच."

दत्तारामानेही री ओढली, "बाये, जोरान ओढलंय नि ह्यां फुटलां तर?"

हर्षद तेव्हा नवे होते. म्हणाले, "ठीक आहे, उद्या पुन्हा करू." त्यांचंही बरोबर होतं. मनापासून ओढलं नाही तर आकडा खोटाच येतो.

विमलाताई मात्र त्याच्या खाटेवर बसली. "भाऊ, हे यंत्र आज माझ्यादेखत मोडायचं. बघू जमतं का! की नुसते बोलण्यात वाघ?"

"असां? मगे बघ!"

मित्रहो, काय ओढलं त्याने! मानेच्या शिरा ताठल्या, डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा ओढलं. पुन्हा. आकडा हलला नाही. आमचं हसू जागीच विरलं. दत्ताराम यंत्राला जपत नव्हता, त्याचा जोरच संपत आला होता.

तिने हळूच नळी काढली, त्याचे ओठ पुसले. "हर्षद, उद्या नको. आत्ताच आयसीयूत."

हर्षद धावले. संध्याकाळी दत्तारामाला स्वतःचा श्वास पुरेना, तेव्हा व्हेंटिलेटर त्याच्याजवळ तयार होता. कितीतरी आठवड्यांनी तो घरी गेला, लेकीच्या लग्नात नाचला. गेल्या वर्षी वारला तो म्हातारपणाने, घरच्यांच्या गराड्यात. ती लेक, श्रुतिका, आज समोर बसली आहे.

आणि उद्यापासून विमलाताईची जागा रिकामी! भरती थांबली आहे म्हणे. अध्यक्ष महोदया, असाच कुणी हसत-बोलत दारात आला आणि आतून त्याची ताकद सरत असली, तर ते ओळखणार कोण? कपाटातलं यंत्र?

विमलाताई, श्रुतिकाच्या घरच्यांतर्फे आणि आम्हा सगळ्यांतर्फे तुझे मनापासून आभार. इतका वेळ ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. निरोपाच्या दिवशी तिची जागा भरा अशी मागणी करणं शिष्टाचाराला धरून नाही, जाणतो. माझा एखादा शब्द कुणाला लागला असेल तर मोठ्या मनाने क्षमा करा.

मागणी मात्र मी मागे घेत नाही.