'आणि' नंतरचं नाव

...आणि वर तो दिग्दर्शक म्हणतो, नावं कोण वाचतं? अहो, आमच्या घरात सिनेमा राहिला बाजूला, नावंच वाचायची असतात. कारण आमचे बाबा. तुम्हाला सांगतो, हा माणूस जन्मभर सिनेमात कामं करत आला, पण कसली, तर मान हलवून निघून जाणारा डॉक्टर, नाहीतर हातोडा आपटणारा न्यायाधीश, आणि नाव कायम त्या घोळक्यात, जिथे बारीक अक्षरांत दहा-बारा जण एकदम येतात आणि वाचेपर्यंत जातात. या खेपेला मात्र घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, आणि निर्मात्यानं कबूल केलेलं, सिनेमाच्या सुरुवातीलाच, सगळ्या नावांच्या शेवटी, एकट्याचं, पडदाभर, आधी 'आणि' लावून. तो 'आणि' म्हणजे मान असतो हो! बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, "या वेळी आपल्याला 'आणि' आहे." सलूनवाला म्हणाला, "आणि काय?"

आता ही नावं करणार कोण, तर आमची वहिनी, बाबांची थोरली सून. बिनखिडकीच्या एडिटिंगच्या खोलीत, एसीपायी शाल गुंडाळून बसलेली. दिग्दर्शकानं खुर्ची ओढली आणि चहात साखर कमी पडली म्हणावं तसं सांगितलं, "घड्याळवाल्या आजोबांचा सीन उडवला. नावही काढा."

"सगळाच उडवला? ते माझे सासरे आहेत."

"माहितेय हो. पण पडद्यावर नसलेल्या माणसाचं नाव कसं द्यायचं? आणि नावं कोण वाचतं?"

काय करावं तिनं? घरी आली तर बाबा आरशासमोर नवा कोट घालून उभे. "सूनबाई, तो 'आणि' जरा ठळक कर, तुझ्या आत्यांना कमी दिसतं." सांगणार कसं? जेवण गेलं, झोप गेली, नवऱ्यावर उगाच डाफरली...

इकडे दिग्दर्शकाला नावांच्या मागे पडद्यावर हवं होतं तेच नेहमीचं, हिरोची सकाळ. गजर वाजतोय, तोंडावर पाणी, बुटांच्या नाड्या, दाराची कडी. पण हिरोला शूटिंगला वेळच नाही, त्याची सकाळ उजाडलीच नाही! पहिला खेळ तोंडावर आलेला, नावं काळ्या पडद्यावर द्यायची पाळी, आणि नावं कोण वाचतं म्हणणारा तो आता रडकुंडीला. तेव्हा वहिनीनं उडवलेला सीन काढला. चेहरा नव्हता घेता येत, नाहीतर प्रेक्षक विचारणार, हा म्हातारा पुढे गेला कुठे? म्हणून नुसते हात. घड्याळ उघडणारे, चिमट्यानं चाक उचलणारे, हळूच झाकण लावणारे. एकेका चाकापाशी एकेक नाव, आणि झाकण मिटताना 'आणि'... दाखवताना तिला घाम फुटलेला, त्या एसीत.

दिग्दर्शकानं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "हात कुणाचे?"

"उडवलेल्या माणसाचे. आता तो पडद्यावर आहे."

"राहू द्या," म्हणाला.

पण बाबांना? बाबांना सांगितलंच नाही तिनं. खेळाला अख्खं घर, आत्या, सलूनवाला. बाबांचं नाव आलं, आमच्या रांगेनं टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं, बाजूचे बघायला लागले, हे कोण, नावं कोण वाचतं? आणि बाबा सावरून बसले, आता आपण येणार म्हणून. मध्यंतर झालं, आले नाहीत. हिरोचं लग्न झालं, आले नाहीत. वहिनी पडद्याकडे बघतच नव्हती, बाबांकडे बघत होती. दिवे लागले. आत्यांनी बाबांना विचारलं, "तू कुठे होतास रे?"

"बाबा, तुमचा सीन काढला," वहिनी म्हणाली. "मला ठाऊक होतं. सांगायचा धीर झाला नाही."

"मध्यंतरातच कळलं मला." बाबा कोटाचं एकच बटण लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. "हात थरथरत नव्हते ना माझे?"

"नाही बाबा."

"मग झालं तर."

आता तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवसापासून बाबा एकेकाला फोन करतायत. "सिनेमा बघा, पण वेळेवर जा रे बाबांनो. जरा उशीर केलात, की मी गेलो."