खांब धरणार कोण?

पेणच्या एसटी स्टँडवर नूतन गागोद्याच्या गाडीची वाट बघत होती. रानडुकरांनी सलग दोन वर्षं वाल उकरून टाकला होता, म्हणून यंदा शेत पडीकच ठेवायचं तिनं ठरवलं होतं. मागच्या बाकावर नवराबायको बोलत होते.

"हलीमा, खांब ठोकायचं तयार मशीन मोठ्या ट्रॅक्टरचं हाय गो. आपल्या छोट्या ट्रॅक्टरला लावलं तर तो पुढून वर उठंल."

"मग तुम्हीच बनवा. मस्कतला बारा वर्षं वेल्डिंगच केलंत ना?"

"बनवीन. मागं उभी चौकट, त्यात दीडशे किलोचा हातोडा. हायड्रॉलिकनं वर उचलायचा नि कुंपणाच्या खांबावर सोडायचा."

"आणि खांब धरणार कोण?"

"मीच."

"मग नको. तिकडं दोन बोटं देऊन आलात, तेवढी पुरे झाली."

"मग करू काय?"

"खांबाला लोखंडी पकड करा. साखळीनं आवळायचा नि लांब उभं राहून हातोडा सोडायचा दांडा ओढायचा."

"हे माझ्या डोक्यात कसं नाय आलं?"

"तुमच्या डोक्यात हातोडा होता."

"व्हय गो. पण नव्या मशीनला पहिलं काम देणार कोण?"

नूतन मागं वळली.

"भाऊ, गागोद्याला याल? दोन एकराला कुंपण घालायचं हाय."

"ताई, मशीन अजून बनायचंय. महिना लागंल."

"लागू दे. वाल पेरायला तेवढा वेळ हाय."

हलीमानं बाकावरची पिशवी मांडीवर घेतली.

"बस गो इथं. खांब किती लागतील, सांग."