धुराचा रंग

बस गं सोमीबाय, त्या ओंडक्यावर बस — जवळ नको येऊस, भट्टीला अजून धग हाय. पोशाची घोंगडी न्यायला आलीस ना? मीच आणून देनार हुतो कोंडाण्याला तुमच्या पाड्यावर, पन पाय उचलंना. तू इचारशील, "मुकादम, माझा म्हातारा भट्टीवर चढलाच कसा?" चाळीस वर्सं कोळसा पाडला त्यानं, आतलं लाकूड बसलं की वरची माती पोकळ होते हे त्याला मी सांगू? मलाच त्यानं शिकवलं — धूर पांढरा तवर थांब, निळा झाला की भोकं लिंप, उशीर केलास की हाती राख. आता माझ्या हाताखाली धा मानसं, आन् रोजची कटकट. पोरं म्हनायची, आमी लाकडं तोडायची, आमीच वाहायची, आन् पोशा नुसता धुराकडं बघत बसनार. म्हातारे म्हनायचे, पोरांना अदब नाय. मी कुनाकुनाची समजूत घालू? एकट्या कमळ्याचं तेवढं पोशाशी जमायचं. दोन लेकरांचा बाप तो, पन धूर निघाला की म्हाताऱ्याला खेटून उभा. बाकीची बोलाय लागली, बघा, कमळ्यापन बसून खातोय. मंग धाडला त्याला पल्याडच्या भट्टीवर. चुकलं का माझं? मुकादमानं समद्यांना सारखं वागवावं का नको?

त्याच सकाळी पोशा आला. म्हनला, कमळ्याला ऱ्हाऊ दे. का रं, म्हनलं. परत म्हनला, ऱ्हाऊ दे. मी म्हनलं, कारन सांग, मंग ठेवतो — समदी ऐकत हुती गं, त्यांच्यापुढं कसा सांगल तो? गेला तसाच. आन् दुपारी तळपायानं धग चाचपायला वर चढला, आन् माती खचली.

नाय, त्याचे डोळे गेल्याचं मला कुठं ठावं — म्हंजे, एकदा कानावर आलं हुतं. कमळ्या हळूच सांगत हुता, "पांढराच हाय, आजा." दिवाळीच्या आदी. ठावं हुतं, सोमे. मला वाटलं, त्यानं सोताच्या तोंडानं सांगावं चारचौघांत, म्हंजे पोरांची तोंडं बंद होतील. तेवढंच वाटलं. काल पल्याडचा धूर निळा झाला, तर कमळ्या मोठ्यांदा म्हनला, "निळा झाला, आजा." कुनी हसलं नाय. भोकं लिंपा म्हनायचं मलाबी सुचलं नाय.

अशी बघू नको माझ्याकडं. जा आता, पाडा लांब हाय — अगं, घोंगडी? सोमीबाय, घोंगडी ऱ्हायली हितं.